नाल्याचं पाणी शेताला जातंय? जड धातूंची तपासणी कशी करून घ्यायची, आणि पुढं काय (कोल्हापूरकरांसाठी)

शिये-शिरोलीपासून रुकडी, रुई, इचलकरंजी, शिरढोण, तेरवाड, कुरुंदवाड ते थेट नृसिंहवाडीच्या संगमापर्यंत ज्यांचा उपसा पंचगंगेवर आहे, किंवा ज्यांच्या बांधाला लागून शहराचा नाहीतर एमआयडीसीचा नाला वाहतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. 'आमच्या मातीत काय काय मुरलंय ते कुठं कळेल?' असं आता बरेच जण विचारतात. तपासणी अवघड नाही. पण नमुना चुकीचा घेतला, प्रयोगशाळेला चुकीचं सांगितलं किंवा अहवालातली मर्यादा चुकीची वाचली, तर पैसे जातात आणि हातात नुसता कागद राहतो.

एक गैरसमज आधी काढून टाका. पाणी काळं, फेसाळ आणि वासाचं असलं म्हणजे त्यात जड धातू (कॅडमियम, शिसं, क्रोमियम, निकेल असले) असतातच असं नाही. फेस बहुधा साबण-डिटर्जंटचा असतो. काळा रंग आणि वास सांडपाण्यातला प्राणवायू संपल्यामुळं येतो. रंग सुताच्या प्रोसेसचा असू शकतो. उलट प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा देणाऱ्या) कारखान्याचं निकेल असलेलं पाणी दिसायला नितळही असू शकतं. नुसत्या घरगुती सांडपाण्यात जड धातू तसे कमी असतात, नत्र-स्फुरद मात्र भरपूर. म्हणून तर 'नाल्याच्या पाण्यावर ऊस चांगला येतो' असं लोक म्हणतात, आणि ते खोटं नाही. अडचण होते ती त्यात कारखान्याचं पाणी मिसळलं की. घाण कुजून जाते, धातू कुजत नाही. तो वरच्या वीतभर मातीत साठत राहतो.

## १. अहवाल कशासाठी हवा, ते आधी ठरवा

हे ठरवल्याशिवाय बाटली भरायला जाऊ नका. कारणं साधारण दोन असतात.

पहिलं, आपल्यापुरतं कळावं म्हणून: कुठलं पीक घ्यायचं, घरची भाजी कुठं लावायची, वैरण जनावराला घालायची की नाही. यासाठी तुम्ही स्वतः घेतलेला नमुना पुरतो.

दुसरं, कुणाविरुद्ध तक्रार करायची म्हणून. इथं तुमच्या बाटलीचा उपयोग मर्यादित आहे. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २१ मध्ये कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना पुरावा म्हणून कसा घ्यायचा हे ठरवून दिलंय. तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं घ्यायचा, कारखान्याला नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, सील आणि सह्या करायच्या. तुमचा खासगी अहवाल 'इथं तपासणी व्हायला हवी' एवढं पटवून देतो. ते कामही मोठं आहे, पण त्याच्या जोरावर लगेच कुणाला टाळं लागेल अशी आशा धरू नका.

## २. कागद आणि साहित्य

कागद:
- सातबारा उतारा, गट नंबरासह
- गाव नकाशाची झेरॉक्स, त्यावर नमुन्याच्या जागा पेनानं खुणावलेल्या
- पाणीपुरवठा संस्थेची पावती किंवा उपशाचा परवाना (पाणी कुठून येतं ते दाखवायला)
- मागच्या तीन-चार वर्षांतली पिकं, खतं आणि फवारण्या यांची टिपणं. हे टाळू नका, अहवाल वाचताना लागतात

साहित्य:
- स्टीलचं खुरपं किंवा कुदळ, आणि एक लाकडी पट्टी
- प्लास्टिकचं घमेलं. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची पाटी किंवा बादली अजिबात नको, त्याचं जस्त तुमच्या मातीत उतरतं
- कोऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, आणि आत चिठ्ठी टाकायची तर ती पेन्सिलीनं लिहिलेली
- पाण्यासाठी प्रयोगशाळेनं दिलेल्या, आम्लानं धुतलेल्या बाटल्या. बिसलेरीची रिकामी बाटली चालवून घेऊ नका

मोबाइलवर प्रत्येक जागेचा फोटो 'लोकेशन'सकट काढून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागेवर यायचं आहे.

## ३. प्रयोगशाळा निवडताना

सगळ्यात जास्त लोक इथं फसतात. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक तपासतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. कॅडमियम, शिसं, क्रोमियम, निकेल त्यात नाहीतच. जस्त आणि तांबं आहेत, पण ते पिकाला *कमी* पडतात का एवढंच बघायला. जस्त ०.६ आणि तांबं ०.२ मिलिग्रॅम प्रति किलोच्या वर गेलं की 'पुरेसे' असा शिक्का बसतो, मग ते थोडं वर असो की वीसपट. त्यामुळं 'कार्डावर सगळं ठीक आहे' याचा धातूंशी काही संबंध नाही.

चौकशीसाठी शेंडा पार्कचं कृषी संशोधन केंद्र, कृषी महाविद्यालय, कणेरी आणि तळसंदे इथली कृषी विज्ञान केंद्रं आणि शिवाजी विद्यापीठ इथं विचारा. प्रत्येक ठिकाणी सगळे धातू होतीलच असं धरून जाऊ नका. कुठं होतात ते मात्र सांगतात. खासगी प्रयोगशाळा असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता बघा, आणि नुसता लोगो बघून थांबू नका. मान्यतेसोबत एक यादी असते, त्यात 'माती' आणि 'कॅडमियम' हे दोन्ही आहेत का ते वाचा. पाण्याची मान्यता आहे पण मातीची नाही, असं सर्रास असतं.

फोनवर हे चार प्रश्न विचारा:

1. मशीन कोणतं, एएएस की आयसीपी? ही धातू मोजायची दोन तऱ्हेची मशीनं, दोन्ही चालतात. कमी प्रमाण पकडायला आयसीपी-एमएस सरस.
2. मातीतलं एकूण प्रमाण काढणार की पिकाला मिळणारं? एकूण काढायला माती तीव्र आम्लात उकळतात. पिकाला मिळणारं डीटीपीए द्रावणानं काढतात. दोन्ही आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. परवडत असेल तर दोन्ही मागा, एकच घ्यायचं तर एकूण.
3. किती कमी प्रमाणापर्यंत मोजता येतं? पाण्यातलं कॅडमियम ०.०१ मिलिग्रॅमच्या खाली मोजता येत नसेल, तर 'आढळले नाही' या शेऱ्याला अर्थ नाही.
4. दर नमुन्याला आहे की धातूला? बहुधा धातूला असतो, आणि बिल तिथंच फुगतं.

धातू निवडताना वरच्या अंगाला काय आहे ते बघा. प्लेटिंग असेल तर निकेल, क्रोमियम, जस्त. रंगाई-प्रोसेस असेल तर क्रोमियम, तांबं. बॅटरीचं काम किंवा भंगार असेल तर शिसं. हुपरीसारख्या चांदीच्या कामाच्या गावाखाली असाल तर तांबं-जस्ताकडं लक्ष ठेवा. काहीच माहीत नसेल तर कॅडमियम, शिसं, क्रोमियम, निकेल, तांबं आणि जस्त हे सहा घ्या. पारा आणि आर्सेनिक कारण असल्याशिवाय नको.

## ४. मातीचा नमुना

पीक निघाल्यावर आणि खत टाकण्याआधी घ्या. खोडवा असेल तर तोडणीनंतर, पाचट बाजूला सारून.

खताच्या तपासणीला आपण सगळ्या रानात नागमोडी फिरून दहा-पंधरा जागची माती एकत्र करतो. इथं तसं एकत्र करू नका. धातू सगळीकडं सारखा पसरत नाही. पाट जिथं रानात शिरतो तिथं पाणी मंदावतं आणि गाळ बसतो, आणि धातू बहुतेक त्या गाळालाच चिकटलेला असतो. पाणी आटल्यावर सरीच्या तोंडाशी राखाडी साय धरलेली दिसते, वाळली की तिच्या पापड्या सुटतात. तीच जागा बघायची आहे. म्हणून तीन वेगळे नमुने करा:

- तोंडाचा: पाटापासून पहिल्या वीस-पंचवीस फुटांतला
- शेवटचा: पाणी सगळ्यात शेवटी पोचतं तिथला
- तुलनेचा: शेजारचं असं रान जिथं नाल्याचं किंवा नदीचं पाणी कधीच गेलं नाही. विहिरीवरचं, नाहीतर कोरडवाहू. मातीचा पोत मात्र तसाच हवा. मळीच्या जमिनीची तुलना माळाच्या मुरमाशी करून उपयोग नाही

तुलनेचा नमुना लोक खर्च वाचवायला गाळतात. गाळायचाच असेल तर शेवटचा गाळा, तुलनेचा नको. त्याच्याशिवाय अहवाल वाचताच येत नाही, ते पुढं सातव्या पायरीत येईल.

प्रत्येक भागात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर, घ्या. खड्ड्याच्या भिंतीला खुरप्याचा स्पर्श झालेला थर लाकडी पट्टीनं खरवडून टाका, मग त्याच पट्टीनं वरपासून खालपर्यंत सारखी चकती काढा. घमेल्यात कालवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो राहू द्या. सावलीत, कोऱ्या प्लास्टिकवर वाळवा. बांध, झाडाखालची जागा, शेणखताचा ढीग आणि मोटारीच्या खोलीचा परिसर टाळा. मोटारीजवळ ऑइल, वायरीचे तुकडे, जुन्या बॅटऱ्या असं काहीही पडलेलं असतं.

नदीकाठच्या रानात आणखी एक गोष्ट. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी बऱ्याच ठिकाणी गाळाचा थर टाकलाय. नांगरट खोल झाली नसेल तर खड्ड्याच्या भिंतीत तो थर वेगळ्या रंगाचा दिसतो. दिसला तर त्याची वेगळी पिशवी करा. आलेला धातू रोजच्या पाण्यातून आला की पुरातून, हे त्यावरून कळायला मदत होते.

## ५. पाण्याचा आणि गाळाचा नमुना

पावसाळ्यात घेतलेला पाण्याचा नमुना दिशाभूल करतो, कारण सगळं पातळ झालेलं असतं. एप्रिल-मे मध्ये, नदी बंधाऱ्यांत तुंबलेली असताना घ्या. दुसरी वेळ म्हणजे बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढल्यावर, किंवा पहिल्या वळवानंतर साठलेलं पाणी खाली सुटतं तेव्हा. नदीत मासे वर येतात तेही बहुधा तेव्हाच.

मोटार दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, मग पाइपाच्या तोंडाशी बाटली भरा. बाटलीत प्रयोगशाळेनं आधीच नायट्रिक आम्ल घातलं असेल तर ती विसळायची नाही आणि ओसंडून भरायची नाही. आम्ल नसेल तर त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळा आणि त्याच दिवशी पोचवा, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला धरतो आणि आकडा कमी येतो. विषारी प्रकारचं, म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम बघायचं असेल तर वेगळी बाटली लागते. ती बिनआम्लाची, थंड ठेवलेली आणि चोवीस तासांच्या आत पोचवायची.

पाण्याचा एक नमुना म्हणजे त्या एका क्षणाचं पाणी. सोडणारा रात्री सोडत असेल तर तुमच्या सकाळी अकराच्या बाटलीत काही सापडणार नाही. म्हणून माझं मत: पैसे एकाच गोष्टीला असतील तर पाण्यापेक्षा पाटाच्या तळाचा गाळ तपासा. काळ्या, प्राणवायू संपलेल्या पाण्यात धातू गंधकाशी जोडून खाली बसतात. वर्षभरात काय काय वाहून गेलं त्याची नोंद तो गाळ ठेवतो.

## ६. भाजीचा नमुना

पालेभाजी विकत असाल तरच. खायचा भाग अर्धा-एक किलो, घरी धुतो तसा धुऊन, कोऱ्या पिशवीत, त्याच दिवशी. पालेभाजीसाठी अन्नसुरक्षा नियमांत शिशाची मर्यादा ०.३ आणि कॅडमियमची ०.२ मिलिग्रॅम प्रति किलो आहे, ताज्या वजनावर. प्रयोगशाळा वाळलेल्या वजनावर आकडा देत असेल तर तो कितीतरी मोठा दिसतो. पालकात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. घाबरण्याआधी विचारून घ्या.

## ७. अहवाल वाचताना

एकक बघा. मिलिग्रॅम प्रति किलो आणि पीपीएम एकच. पीपीबी किंवा मायक्रोग्रॅम असेल तर हजारानं भागा.

पाण्याची मर्यादा कुठली छापलीय ते बघा. बऱ्याच अहवालांत शेजारच्या रकान्यात कारखान्यानं नदीत *सोडायच्या* पाण्याची मर्यादा छापलेली असते आणि खाली 'मर्यादेत' असा शेरा. शेताला लावायची मर्यादा वेगळी आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेचे सिंचनासाठीचे आकडे आणि आपले सोडायचे आकडे शेजारी ठेवून बघा (मिलिग्रॅम प्रति लिटर):

| धातू | सिंचनासाठी | नदीत सोडायला |
|---|---|---|
| कॅडमियम | ०.०१ | २ |
| क्रोमियम (एकूण) | ०.१ | २ |
| निकेल | ०.२ | ३ |
| तांबं | ०.२ | ३ |
| जस्त | २ | ५ |
| शिसं | ५ | ०.१ |

शिशाचं उलटं का? शिसं मातीत घट्ट धरून बसतं आणि मुळातून फारसं वर चढत नाही, म्हणून सिंचनाला ढील. नदीतलं पाणी माणसं-जनावरं पितात, म्हणून तिथं कडक.

आणखी एक. सिंचनाचे हे आकडे हेक्टरी वर्षाला १० हजार घनमीटर पाणी धरून काढलेत. पाटानं भिजवलेला ऊस साधारण दुप्पट पाणी पितो, म्हणून आपल्याकडं ते निम्मे धरा. हिशोब करून बघा: पाण्यात ०.०१ मिलिग्रॅम कॅडमियम आणि वर्षाला २० हजार घनमीटर पाणी, म्हणजे हेक्टरी २०० ग्रॅम. वरच्या वीतभर मातीचं वजन सुमारे २० लाख किलो. किलोमागं ०.१ मिलिग्रॅमची भर, दर वर्षी.

मातीचे आकडे. भारतातल्या संशोधनात साधारणपणे ही मर्यादा वापरतात (एकूण, मिलिग्रॅम प्रति किलो): कॅडमियम ३ ते ६, शिसं २५० ते ५००, निकेल ७५ ते १५०, तांबं १३५ ते २७०, जस्त ३०० ते ६००. युरोपातली मर्यादा कडक आहे: कॅडमियम १ ते ३, शिसं ५० ते ३००, निकेल ३० ते ७५.

आता तुलनेच्या नमुन्याकडं या. आपली काळी माती बेसॉल्टची, आणि बेसॉल्टमध्ये निकेल, क्रोमियम, तांबं जात्याच जास्त. त्यामुळं युरोपच्या मर्यादेच्या वर गेलेलं निकेल कारखान्याचंच असेल असं नाही, ते सह्याद्रीचंही असेल. तुलनेच्या रानातही तेवढंच निघालं तर विषय संपला. कॅडमियम आणि शिशाचं तसं नाही. आपल्या खडकात ते थोडंच असतं, म्हणून तोंडाच्या नमुन्यात ते तुलनेच्या दुप्पट-तिप्पट आलं, तर मर्यादेच्या आत असलं तरी दुर्लक्ष करू नका, कुठून तरी येतंय. तांबं वाढलेलं दिसलं तर आधी आपली फवारणीची टिपणं काढा. मोरचुदाचं तांबं वर्षानुवर्षं मातीत राहतं, आणि त्यासाठी नाल्याला दोष देता येत नाही.

## ८. शेतात काय बदलायचं

आकडे वाढलेले असतील तर पहिला नियम: पाटाच्या तोंडाशी पालेभाजी नको. पालक, मेथी, चुका, मग मुळा-गाजर, हे धातू जास्त ओढतात. शेंगा आणि फळभाज्या त्या मानानं कमी. घरची भाजी विहिरीच्या पाण्यावर घ्या. तोंडाचा पट्टा ऊस, झेंडू किंवा बियाणाच्या पिकाला द्या. हत्तीगवत तिथून कापून रोज म्हशीला घालत असाल तर वैरणीचाही एक नमुना द्या.

काळ्या जमिनीचा सामू साडेसातच्या वर असतो आणि चिकणमाती भरपूर, ही आपली जमेची बाजू. अशा मातीत धातू बांधला जातो. तो सुटेल असं काही करू नका. शिरोळकडं क्षारपड सुधारायला गंधक टाकायचा विचार असेल तर आधी धातूंचा अहवाल बघा, सामू उतरला की धातू सुटतो. क्षारपड रानात क्लोराइडमुळं कॅडमियम पिकात जास्त चढतं, तिथं पालेभाजीचा हट्ट नकोच. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट दरवर्षी घाला, आणि जस्ताची कमतरता असेल तर ती भरा. जस्त कमी पडलं की पीक कॅडमियम जास्त घेतं.

पाणी रानात सोडण्याआधी शेतात एक खड्डा करून त्यात ते थांबवलं तर बराच गाळ तिथंच बसतो. खर्चाच्या मानानं याचा उपयोग मोठा. पण तो गाळ उपसून खत म्हणून रानात पसरू नका. तीच गोष्ट जलपर्णीची. नदीतून काढलेली जलपर्णी फुकट मिळते म्हणून कंपोस्टला वापरतात. ही वनस्पती मुळांत धातू साठवण्यात पटाईत आहे. नदीतून काढलेला धातू आपल्याच हातानं रानात नेण्यात काय मतलब?

मोहरी किंवा सूर्यफूल लावून माती 'शुद्ध' करून देतो म्हणणारे भेटतात. तत्त्व खरं आहे, पण एका पिकात उचलला जाणारा धातू थोडा, काम कित्येक वर्षांचं, आणि ते पीक नंतर ना जनावराला घालता येतं ना जाळता. येणारं पाणी तेच राहणार असेल तर त्यावर पैसे घालू नका.

## ९. तक्रार करायची असेल तर

एकट्यानं करू नका. 'आमच्या भाजीचं गिऱ्हाईक तोडतोस का?' म्हणणारे शेजारी पहिल्या दिवशी भेटतील, आणि त्यांची भीती अगदीच वावगी नाही. पाणीपुरवठा संस्थेच्या नावानं, ग्रामसभेच्या ठरावासह अर्ज गेला तर कुणा एकाचं रान चर्चेत येत नाही.

अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर उपप्रादेशिक कार्यालयाकडं, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. त्यात 'पाणी घाण आहे' असं लिहू नका. जागा, गट नंबर, तारीख-वेळ, फोटो, तोंडाच्या आणि तुलनेच्या नमुन्यांचे आकडे द्या आणि 'अमुक ठिकाणी आमच्या समक्ष नमुना घ्यावा, त्यात हे हे धातू तपासावेत' अशी नेमकी मागणी करा. धातूंची नावं लिहिली नाहीत तर नेहमीच्या बीओडी-सीओडीवर (पाण्यातली घाण प्राणवायू किती खाते त्याच्या चाचण्यांवर) भागवलं जाऊ शकतं. पोच घ्या. अहवाल मिळाला नाही तर माहिती अधिकारात मागा, सोबत वरच्या अंगाच्या कारखान्याला मंडळानं दिलेल्या संमतिपत्रातल्या अटीही मागा.

त्यानं भागलं नाही तर पुण्याला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठ आहे. २०१० च्या कायद्यात पर्यावरणाच्या वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिने (कलम १४) आणि नुकसानभरपाईसाठी पाच वर्षं (कलम १५) अशी मुदत आहे. ती पहिल्यांदा कारण घडल्यापासून मोजतात, म्हणून पहिल्या अहवालाची तारीख आणि मंडळाची पोच एकाच फायलीत ठेवा. पुढची तपासणी दोन-तीन वर्षांनी: त्याच जागा, तोच महिना, आणि शक्यतो तीच प्रयोगशाळा व तीच पद्धत.